मालव्याच्या अंगणात गोड चेरी : रोपावर पूर्ण नाव आणि थंडीचे तास लिहा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

यंदा आवळीभोजनाला आमच्या मंडळाच्या अठरा-वीस जणी एका मैत्रिणीच्या बागेत आवळ्याखाली जमलो होतो. पाने मांडायच्या आधीच विषय निघाला तो आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या बागकामाच्या लेखाचा. गोड चेरी घरच्या कुंडीत सहज येते, बाजारातल्या चेरीची बी धुऊन मातीत टोचा, दोन-तीन वर्षांत घरची फळे खा, असे त्यात सांगितले होते. तिघींनी लेखाचे कात्रण कापून ठेवले होते. एकीने तर कुणा विक्रेत्याकडे दोन रोपांचे पैसेही भरले होते, प्रत्येकी साडेआठशे रुपये. त्या दिवशी मी त्यांना जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहिते आहे. पत्र लांबेल, पण कृपया कापू नये. चेरीपायी मी सहा वर्षे घालवली आहेत आणि त्यातले एकही वर्ष दुसऱ्या कोणाचे जाऊ नये असे मनापासून वाटते.

मी ३१ वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. निवृत्त झाल्यापासून इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या घरापुढचे अंगण हाच माझा उद्योग. दोन पेरू, एक सीताफळ, पारिजातक, कढीलिंब, कुंपणाला जुई. या सगळ्यांत चेरी कुठून शिरली, तर सुनेमुळे. माझी सून हिमाचलची. शिमला जिल्ह्यात कोटगढच्या बाजूला तिच्या वडिलांची बाग आहे. मुख्य पीक सफरचंद, आणि वरच्या बांधांवर चेरीची साठ-सत्तर झाडे. लग्नानंतरच्या पहिल्या जूनमध्ये मी तिच्यासाठी कौतुकाने चेरीचा डबा आणला. तिने एक फळ देठाला धरून उचलले, डोळ्यांजवळ नेले आणि हळूच परत ठेवले. देठ वाळून तपकिरी झाला होता. "मम्मीजी, ही तोडून पुष्कळ दिवस झालेत," एवढेच म्हणाली. आंबा, केळे तोडल्यावरही पिकत राहते, चेरीचे तसे नाही. झाडावर जेवढी पिकली तेवढीच. तोडल्या क्षणापासून ती फक्त शिळी होत जाते, आणि तिचे वय सांगतो तो देठ. हिरवा आणि ताठ असेल तर फळ ताजे. त्या दिवशी मी मनात धरले की हिच्यासाठी अंगणात चेरी लावायचीच.

पहिला प्रयोग बियांचा. पुढच्या वर्षी सून माहेराहून येताना फळे घेऊन आली. त्यांतल्या ४० बिया मी निवडल्या, गर पूर्ण निघेपर्यंत धुतल्या आणि ओल्या वाळूत घालून श्रीखंडाच्या डब्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. चार महिने. दर आठवड्याला झाकण उघडून वाळूची ओल पाहायची, बुरशी आलेली बी काढून टाकायची. हे करावे लागते, कारण कवचाच्या आतला गर्भ झोपलेला असतो. १ ते ५ अंशांच्या थंडीत ओल मिळून तीन-चार महिने गेल्याशिवाय तो जागा होत नाही. नुसती मातीत टोचलेली बी आपल्याकडे तशीच पडून राहते किंवा कुजते. लेखात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. माझ्या ४० पैकी सात उगवल्या. हिवाळ्यात त्यांनी वीतभर उंची धरली, मे महिन्यात एकेक करून सातही गेल्या.

आणि जगल्या असत्या तरी काय झाले असते? हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही हे आपल्या घरात लहान मुलालाही माहीत असते. चेरीचेही तेच. बियाचे झाड आईसारखे निघत नाही, आणि फळ धरायला सहज सात-आठ वर्षे किंवा जास्तच घेते. म्हणून तर डोंगरात सगळे कलमे लावतात. दोन-तीन वर्षांत फळे हा हिशोब बियाच्या झाडाचा असूच शकत नाही. बियांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगते, घरात लहान मुले असतील त्यांनी लक्षात ठेवावी. चेरीच्या बीच्या आतला गर फोडून खाऊ देऊ नये, त्यातल्या द्रव्यापासून पोटात सायनाइड तयार होते. छाटलेली, कोमेजलेली पानेही गुरांपुढे टाकू नयेत, त्याच कारणाने.

दुसरा प्रयोग रोपवाटिकेतला. रस्त्याच्या कडेच्या एका रोपवाटिकेत एक सुरेख रोप दिसले. गळ्यात प्लास्टिकची चिठ्ठी, चिठ्ठीवर टपोऱ्या लाल चेरींच्या जोडीचे चित्र आणि खाली 'चेरी, मीठी' एवढेच. मी ते घेतले, घरी आणले आणि सुनेला हाक मारली. ती ओट्यावरून हात पुसत आली. तिने झाडाकडे पाहिलेच नाही, सरळ एक पान धरले आणि उलटे केले. मग देठ जिथे पानाला मिळतो तिथे अंगठ्याच्या नखाने चाचपले. दुसरे पान, तिसरे पान. मी विचारले, काय शोधतेस? म्हणाली, "दाने. इथे दोन लाल दाणे असतात." मला ते पुस्तकातून माहीत होते. मधुग्रंथी म्हणून मीच मुलांना शिकवल्या असतील, पण चेरीच्या पानावर त्या अशा बोटाला लागतात हे मी प्रथमच पाहत होते. खऱ्या गोड चेरीच्या पानाच्या देठावर, पाते सुरू होते तिथे, मोहरीहून लहान अशा दोन तांबूस गाठी असतात. पानाची कड करवतीसारखी दातेरी असते. पाने फांदीवर एक इकडे, एक तिकडे अशी एकाआड एक येतात. सालीवर आडव्या रेघा असतात, कोणीतरी नखाने ओढल्यासारख्या. आमच्या रोपाची पाने समोरासमोर जोडीने होती, कड सपाट होती आणि गाठी नव्हत्या. ती गोड चेरी नव्हतीच. ती होती बार्बाडोस चेरी, वेस्ट इंडिजच्या उष्ण बेटांकडची, अगदी वेगळ्या कुळातली. नावात फक्त चेरी.

मी रोपवाटिकेत परत गेले. भांडायला नाही, विचारायला. तो बिचारा खरेच अनभिज्ञ होता. रोपे बाहेरून ट्रकने येतात, चिठ्ठ्या गळ्यात बांधूनच येतात आणि चित्रावर आहे तेच तो गिऱ्हाइकाला सांगतो. त्याने पैसे परत देऊ केले, मी घेतले नाहीत. रोपात काही खोट नव्हती. खोट चिठ्ठीत होती.

तिसरा प्रयोग मात्र खऱ्या चेरीचा. मी व्याह्यांना फोन करून कलमे मागितली. त्यांनी आधी नकारच दिला. "बहनजी, पौधा तो भेज दूँगा, सर्दी कहाँ से भेजूँ?" हे त्यांचे शब्द. मी हट्ट धरला. जानेवारीत त्यांच्याकडचे एक नातेवाईक इकडे येणार होते, त्यांच्याबरोबर गोणपाटात गुंडाळलेल्या दोन काड्या आल्या. मुळांना ओले शेवाळ बांधलेले, एकही पान नाही, काळपट तांबूस साल आणि टोकदार डोळे, म्हणजे पाना-फुलांचे मिटलेले कोंब. एक 'स्टेला', एक 'बिंग', दोन्ही कोल्ट नावाच्या खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या मुळाच्या झाडावर, बांधलेली.

ही दोन नावे का, तेही सांगते, कारण एकच झाड लावून फळांची वाट पाहणारे पुष्कळ असतात. गोड चेरीच्या बहुतेक वाणांना स्वतःचे परागकण चालत नाहीत. फुले येतात, मधमाशा येतात, फळ धरत नाही. शेजारी दुसऱ्या वाणाचे झाड, तेही त्याच दिवसांत फुलणारे, लागते. आणि दुसरे कोणतेही चालते असेही नाही. 'बिंग', 'लँबर्ट' आणि 'नेपोलियन' हे तिन्ही नामांकित वाण एकमेकांना चालत नाहीत. तिघांची बाग लावली तरी चौथा येईपर्यंत ती बाग रिकामीच. 'स्टेला' हा कॅनडात तयार झालेला, १९६८ साली बाहेर आलेला वाण. स्वतःच्या परागावर फळणारी बाजारातली ही पहिली गोड चेरी, आणि 'बिंग'लाही तिचे पराग चालतात. म्हणून व्याह्यांनी ही जोडी निवडली. साडेआठशेचे रोप विकणारा यातले काही सांगतो का? तुमच्या लेखातही नव्हते.

मी कोणतीही कसर ठेवली नाही. आपली माती काळी, पावसाळ्यात पाणी धरणारी, आणि चेरीच्या मुळांना उभे पाणी जराही सोसत नाही. म्हणून गुडघाभर उंचीचा वाफा केला, खाली मुरूम आणि विटांचे तुकडे, वर माती, वाळू आणि कुजलेले खत. खत घरचेच. सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत होते आणि पालापाचोळा, शेण, माती यांचे थर देऊन, ढीग पुन्हा पुन्हा उलटून खत करण्याची जी रीत त्यांनी इथे बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. मी गेली कित्येक वर्षे परसात तसेच खत करते. पाणी नर्मदेचेच दिले. एक दिवसाआड येते ते पिंपात भरून ठेवायचे. बोअरिंगचे पाणी आमच्याकडे जड आहे, ते एकदाही घातले नाही. बुंध्याला उन्हाचा चटका बसू नये म्हणून चुना लावला, उन्हाळ्यात पश्चिमेला हिरवी जाळी बांधली.

आणि उत्तरेच्या भिंतीवर कमाल-किमान तापमानाचा थर्मामीटर टांगला. मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते या थर्मामीटरबद्दल.

चेरी, सफरचंद, आलुबुखारा ही झाडे हिवाळ्यात पाने टाकून झोपतात हे सर्वांना माहीत असते. ती उठतात कशी, हे फारसे कोणी सांगत नाही. ऊब आली की उठली, असे नसते. तसे असते तर जानेवारीत चार दिवस ऊन पडताच फुले आली असती आणि पुढच्या हिमात जळाली असती. म्हणून झाड आधी थंडी मोजते. सुमारे ० ते ७ अंशांच्या थंडीतला एकेक तास डोळ्याच्या आत जमा होत जातो. ठरावीक बेरीज झाली की मगच डोळा उबेला उत्तर देतो. गोड चेरीच्या नेहमीच्या वाणांना ही बेरीज साधारण ७०० ते १२०० तासांची लागते. कोटगढला सुमारे २००० मीटर उंचीवर डिसेंबर ते फेब्रुवारी रात्रंदिवस ती सहज भरते. इंदूर साधारण ५५० मीटरवर. शब-ए-मालवाचा, म्हणजे मालव्याच्या रात्रीचा, गारवा सुखाचा खरा, पण तो माणसाला सुखाचा. माझ्या वहीत तीन हिवाळ्यांची रोजची नोंद आहे. त्यांतल्या सर्वांत थंड हिवाळ्यात पारा ७ च्या खाली गेला तो १४ रात्री, आणि तोही पहाटेचे तीन-चार तास. बेरीज ६० च्या आत. पाहिजेत निदान ७००, मिळाले ६०. शिवाय दुपारी पारा २५-२६ पर्यंत चढतो, आणि असे उबदार दिवस जमा झालेल्या थंडीतलाही काही भाग पुसून टाकतात. आकडा वहीत मांडला त्या रात्री मला झोप आली नाही, कारण उत्तर तिथेच होते आणि झाडे तर अंगणात उभी होती.

पुढे जे झाले ते या आकड्याबरहुकूम झाले. मार्च गेला, पेरूला नवी पालवी आली, चेरीच्या काड्या तशाच. एप्रिलच्या मध्यावर 'स्टेला'च्या शेंड्याचा एकच डोळा फुटला. खालचे सगळे डोळे मिटलेले. महिनाभराने मध्येच कुठे दोन फुटले. फांदीचा मधला हातभर भाग उघडाच राहिला. थंडी अपुरी पडलेल्या झाडाचे हेच लक्षण, शेंडा जागा आणि बाकी अंग झोपलेले. जी पाने आली ती पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. आपली माती चुनखडीची, तिच्यात लोह असूनही मुळांना घेता येत नाही. मे महिन्यात पानांच्या कडा भाजल्या. बुंध्यावर मधासारखा डिंक फुटला, सकाळी मऊ, दुपारी कडक. तो मी पुसत असे. 'बिंग' पहिल्याच पावसाळ्यात गेली.

'स्टेला'ने तीन पावसाळे काढले. उंची माझ्या खांद्याच्या वर कधी गेली नाही, फूल एकही आले नाही. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात सलग पाऊस लागला आणि गणपती बोळवून आलो त्या संध्याकाळी पाहिले तर सगळी पाने खाली माना टाकून होती, हिरवी असतानाच. दोन आठवड्यांनी मी आणि सुनेने ती उपटली. जोर लावावा लागला नाही. मुळाला हात लावला तर साल बोटात निघून आली, आत ओला तपकिरी धागा, आणि तळघरासारखा वास. वाफा उंच होता, निचरा होता, तरी खाली काळी माती पाणी धरून बसलेली होतीच. सून काही बोलली नाही. काडीचा वरचा तुकडा कापून तिने देवघराच्या खिडकीत ठेवला, तो अजून तिथेच आहे.

मधल्या काळात लोकांनी खूप उपाय सुचवले, त्यांतले दोन सांगते कारण ते अजून फिरत असतात. एक, रोज रात्री बुंध्याशी बर्फ ओतणे. त्याचा उपयोग नाही, थंडी मोजतो तो फांदीवरचा डोळा, मूळ नव्हे. दुसरा उपाय जरा विचार करण्यासारखा होता. आपल्याकडे बटाट्याची शीतगृहे आहेत. पानगळ झालेले कुंडीतले झाड दोन महिने तिथे २ ते ४ अंशांत ठेवले तर थंडी पुरी होईल, असे मुलाच्या मित्राने सुचवले. तत्त्वतः खरे आहे. मी एका शीतगृहाच्या व्यवस्थापकांना भेटलेसुद्धा. ते म्हणाले, काकू, बटाटा आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतो आणि दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या होतात. डिसेंबरात मशीन बंद असते. आणि समजा थंडी मिळाली, तरी पुढे मे महिन्यातल्या ४२ अंशांचे काय करायचे? अंगणातल्या झाडाला दोन्ही ऋतू सोसावे लागतात.

कमी थंडीत येणारे वाणही आहेत, कॅलिफोर्नियातले 'मिनी रॉयल' आणि 'रॉयल ली' हे त्यांतले नावाजलेले. त्यांनाही काही शे तास लागतातच, आणि त्या दोघी एकमेकींशिवाय फळत नाहीत. आपल्या ६० तासांत त्यांचेही भागणार नाही.

व्याह्यांशी या सहा वर्षांत जे बोलणे झाले त्याने मला फळाकडे पाहायला शिकवले. चेरी हे त्यांच्याकडचे वर्षातले पहिले रोख पीक. सफरचंदाचा पैसा संपत आलेला असतो आणि मे-जूनमध्ये चेरी येते. तोडणी हाताने, देठासकट, आणि देठ ज्या आखूड गाठाळ फुटीवर असतो तिला धक्का न लावता. कारण पुढच्या वर्षीची फळेही त्याच फुटीवर येतात, घाईने ओरबाडले तर दोन वर्षांचे नुकसान. पिकायच्या वेळी पाऊस आला तर फळ सालीतून पाणी पिऊन फुटते, रातोरात पीक जाते. पाखरांचा त्रास वेगळा. आणि आता हिवाळ्यात बर्फ पूर्वीसारखे पडत नाही ही त्यांची चिंता प्रत्येक फोनवर असते. देशातली बहुतेक चेरी काश्मीरची, त्याखालोखाल हिमाचलची. इंदूरला जूनमध्ये येते ती तिथून. तिला एवढी वाट चालून यावे लागते म्हणून ती महाग. देठ पाहून घ्यावी आणि त्याच दिवशी खावी.

केकवरची, मिठ्या पानातली लाल गोड 'चेरी' घेऊन तिच्या बिया शोधणारेही मला भेटले आहेत. ती पुष्कळदा चेरी नसतेच, करवंद असते. बी काढून, पाकात मुरवून, रंग देऊन केलेले. करवंदाला मालव्याची हवा उत्तम मानवते. काटेरी कुंपण होते आणि उन्हाळ्याच्या शेवटी झुडूप फळांनी भरते. चिठ्ठीवरच्या चुकीने घरी आलेली ती बार्बाडोस चेरीही आमच्याकडे आता माझ्या डोक्याइतकी उंच झाली आहे. गुलाबी, झालर लावल्यासारख्या पाकळ्यांची फुले आणि वर्षातून तीन-चार वेळा लालभडक फळे येतात. आंबटगोड, आत तीन बिया, क जीवनसत्त्वाने ठासून भरलेली. सून ती मीठ लावून खाते. फालसाही अंगणात छान येतो. हे सगळे लावावे. पण त्यांच्या नावाने लावावे.

म्हणून संपादक महोदय, माझे मागणे असे आहे. फळझाडाच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर चित्राबरोबर शास्त्रीय नाव देवनागरीत लिहिलेले असावे. गोड चेरीचे 'प्रूनस एव्हियम', बार्बाडोस चेरीचे 'माल्पिगिया'. बियाचे रोप की कलम, कलम असेल तर कोणत्या वाणाचे, त्याला जोडीदार लागतो का, आणि थंडीच्या झाडांना किती तास थंडी लागते, हेही लिहावे. चार ओळींचे काम आहे. रोपवाटिकावाल्यांनी ठोक विक्रेत्याकडे एवढे मागितले तर तो देईल. उद्यान विभागाने हे सक्तीचे करावे यासाठी आमच्या मंडळातर्फे आम्ही सह्या गोळा करतो आहोत, दोनशेच्या वर झाल्या आहेत.

आणि आपल्याकडे विनंती ही की त्या लेखाची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी. बागेच्या प्रत्येक लेखाखाली हे झाड कोणत्या हवेत येते याची एक ओळ असावी. आपले वर्तमानपत्र आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपासून येते. त्यात छापले ते खरे असे धरून माणसे पैसे भरतात. थंडीच्या झाडांची विक्री डिसेंबर-जानेवारीत होते, तेव्हा दुरुस्ती त्याआधी यावी.

ज्या मैत्रिणीने पैसे भरले आहेत तिची रोपे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यायची आहेत. काय पाहायचे ते मी तिला सांगून ठेवले आहे. जानेवारीत खरी चेरी उघडी काडी असते. रोप हिरव्या पानांनी भरलेले आले तर ती गोड चेरी नाही, मग तिने ते निर्धास्त अंगणात लावावे, बहुधा वर्ष-दीड वर्षात फळ देईल. काडी उघडी आली, सालीवर आडव्या रेघा असल्या, तर ती तिने मला द्यावी. संक्रांतीनंतर सून माहेरी जाणार आहे, तिच्याबरोबर ओल्या गोणपाटात ती वर जाईल. व्याह्यांनी चेरीच्या बांधावर दोन खड्डे खणून ठेवले आहेत.

आपली,
एक जुनी वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर